महाविद्यालयीन विद्यार्थी आणि समुपदेशन

(खांडबारा येथे गुणवंत विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आताच आपण दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा सत्कार केला. गुलाबपुष्प दिले, वह्या-पुस्तके दिली, टाळ्या वाजवल्या. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले, ते मी येथून पाहत होतो. येत्या पंधरा दिवसांत यांतील पुष्कळजण पिशव्या भरून गाडीत बसतील. आपले स्टेशन लहान आहे, पण ते सुरत-भुसावळ मार्गावर आहे. कोणी नवापूर, व्यारा, सुरतेकडे जाईल. कोणी नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे. फलाटावर आई डब्याची पिशवी हातात देईल आणि म्हणेल, "नीट राहा रे." तेथपर्यंत सारे ठीक असते. गाडी सुटल्यानंतर काय होते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

अभ्यास कसा करावा, स्पर्धा परीक्षेची तयारी कशी करावी, यावर तुम्ही बरीच भाषणे ऐकली असतील. मी तो विषय घेणार नाही. अभ्यासाला बसतो पण अक्षर डोक्यात शिरत नाही, रात्री झोप लागत नाही, वर्गात जावेसे वाटत नाही आणि हे घरी सांगताही येत नाही, अशी वेळ आली तर कोणाकडे जायचे? महाविद्यालयात समुपदेशक म्हणून कोणी असतात. त्यांच्याकडे जावे की नाही? गेल्यावर काय होते? असा साधा विषय मी निवडला आहे. तो का निवडला, हे सांगण्यासाठी मला माझी एक चूक तुमच्यापुढे मांडावी लागेल.

मी महाविद्यालयात शिकवत असतानाची गोष्ट. एका पाड्यावरचा मुलगा विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होता. घरात कॉलेजचे तोंड पाहणारा तो पहिलाच. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, ऑगस्टमध्ये मधल्या, सप्टेंबरमध्ये शेवटच्या. प्रॅक्टिकलला गैरहजर राहू लागला. एके दिवशी तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी विचारले, "काय रे, फी भरली ना?" म्हणाला, "हो सर." मी म्हणालो, "मग अभ्यास कर." तो गेला. आठवड्याने पुन्हा आला, दारातच उभा. मी पेपर तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, "मन घट्ट कर, सगळे ठीक होते." तो गेला, तो कायमचाच. दिवाळीनंतर त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. पुढे दीड-दोन वर्षांनी तो मला फलाटावर भेटला. सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला लागला होता. त्याने वाकून नमस्कार केला. मी विचारले, "कॉलेज का सोडलेस?" तेव्हा तो म्हणाला, "सर, सांगायला दोनदा आलो होतो. तुम्ही कामात होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मी वाईट शिक्षक नव्हतो. वर्गात मनापासून शिकवत असे. पण दारात उभा राहिलेला मुलगा फीबद्दल बोलायला आलेला नाही, हे ओळखण्याचे शिक्षण मला कोणी दिले नव्हते आणि मीही ते घेतले नव्हते. आज जो विषय मांडतो आहे, तो त्या मुलाचे माझ्यावरील देणे आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या भागातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर नेमके कोणते ओझे असते, ते आपण मोकळेपणी पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात शंभरांतील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत आणि साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होते. याचा अर्थ असा, की आज येथे बसलेल्या कित्येक मुलांच्या घरात 'लेक्चर', 'सेमिस्टर', 'बॅकलॉग' हे शब्द समजून घेणारे कोणी नाही. घरी मावची, कोकणी, भिलोरी किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. वर्गात प्रश्न विचारला तर उच्चारावर हसतील ही भीती. मेसचे पैसे आहेत, खोलीचे भाडे आहे आणि शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा होईल याचा नेम नाही. त्यातून गावाची अपेक्षा असतेच. सगळा समाज म्हणतो, "आमचा पोरगा शिकतोय." हे वाक्य अभिमानाचे आहे, पण पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाला तेच वाक्य झोपू देत नाही. तो घरी फोन करतो आणि म्हणतो, "सगळे चांगले आहे." आईही म्हणते, "इकडेही सगळे चांगले आहे." दोघेही एकमेकांना जपण्यासाठी खोटे बोलतात.

हे काही एकट्या आपल्या गावाचे दुखणे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातील होते आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. मुलांनो, हा आकडा मी तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगत नाही. अशा मुलांपैकी पुष्कळजण शेवटपर्यंत कोणाच्या तरी दारात उभे राहिलेले असतात, आणि वेळेवर कोणी "आत ये, बस" म्हटले तर माणूस वाचतो, हे सांगण्यासाठी तो सांगतो.

आता कोणी म्हणेल, "सर, आपण लढणारी माणसे. बाबासाहेबांनी एवढे सोसले, ते कोठे कोणाकडे रडत गेले?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रातून देतो.

मुंबईत शाळेत असताना बाल भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्या मुलाची विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिक्षण अडले तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्यांची गाठ घालून दिली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. समुपदेशक हा शब्द त्या काळी नव्हता. पण एकट्या बसलेल्या मुलाजवळ जाऊन "काय वाचतोस?" असे विचारणारा आणि अडचणीच्या वेळी योग्य दार दाखवणारा माणूस तेव्हाही लागत होता. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमान मुलालाही तो लागला.

दुसरा प्रसंग १९१७ चा. परदेशातून एवढे शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ओळखीच्यांकडे गेले, तेथेही आसरा मिळाला नाही. शेवटी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत ते तासन् तास बसून राहिले. त्या वेळी आईवडिलांची आठवण आली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, हेही त्यांनी लपवले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने हे लिखाण १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. ते जरूर वाचा. ज्यांनी या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्यांनी आपले अश्रू कागदावर मांडायला लाज मानली नाही. मग आपण आपले दुःख एका खोलीत, एका माणसापुढे सांगायला का लाजावे?

आता समुपदेशन म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे या शब्दाची दोन विचित्र चित्रे आहेत. एक, समुपदेशक म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. कोणी त्याच्याकडे गेला की मित्र म्हणतात, "याला आता ठाण्याला न्या, येरवड्याला न्या." दुसरे, समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा, समोर बसवून तासभर व्याख्यान झोडणारा. दोन्ही चित्रे चुकीची आहेत.

तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा साधारण असे घडते. एक खोली असते, दोन-तीन खुर्च्या असतात. समुपदेशक तुमचे नाव-गाव विचारतात आणि येथे बोललेले बाहेर जाणार नाही, हे प्रथम सांगतात. मग विचारतात, "काय होतंय?" एवढ्या साध्या प्रश्नावर पुष्कळ मुले रडतात. रडू द्यायचे असते. पाऊण तास, फार तर तासभर बोलणे होते. त्यात ते बोलतात कमी, ऐकतात जास्त. झोप कशी आहे, जेवण कसे आहे, कधीपासून असे वाटते, घरी कोण आहे, मित्र आहेत का, असे विचारतात. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारतात. त्या प्रश्नाला घाबरू नका. असे विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट असलेला विचार बाहेर पडायला वाट मिळते. हे जाणकारांचे सांगणे आहे आणि माझाही अनुभव तोच आहे.

एका भेटीत सगळे सुटत नाही. पायात काटा मोडला तर तो एका क्षणात निघतो, पण मनातला गुंता हळूहळू सोडवावा लागतो. दोन, चार, सहा भेटी होतात. पुढच्या भेटीपर्यंत एखादे लहान काम दिले जाते. झोपेची वेळ ठरवणे, दिवसाचे टाचण लिहिणे, एका शिक्षकांशी बोलणे, एका मित्राबरोबर जेवायला जाणे, असे. आणि समुपदेशकांना वाटले की औषधाची गरज आहे, तर ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवतात. हा फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देतात. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. मलेरियाला औषध घ्यायला आपण लाजत नाही. मनाच्या आजारालाही औषध असते आणि ते घेतल्याने कोणी वेडा ठरत नाही. मात्र बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.

अशीच एक विद्यार्थिनी मला पुढे भेटली. नाव सांगत नाही. दुसऱ्या सत्रात तिचे तीन विषय राहिले आणि तिने गावी परतण्याचे ठरवले. या वेळी मी पेपर बाजूला ठेवले आणि तिला बसवले. मग तिला समुपदेशकांकडे घेऊन गेलो. तीन भेटींनंतर जे निघाले ते असे: शिष्यवृत्ती अडकली होती, म्हणून ती एक वेळच जेवत होती. उपाशी पोटी इंग्रजी व्याख्यान समजत नव्हते. समजत नाही म्हणून रात्रभर जागत होती आणि जागरणामुळे सकाळचा तास बुडत होता. तिला वाटत होते, "माझ्यातच बुद्धी नाही." बुद्धी भरपूर होती, पोटात अन्न नव्हते. कार्यालयात जाऊन अर्जातील त्रुटी दुरुस्त केली, मेसची तात्पुरती सोय केली, एका वरच्या वर्गातील मुलीने तिला विषय मराठीतून समजावून दिले. तिचे एक वर्ष वाया गेले, हे खरे. ते वाचवता आले नाही. पण ती पदवीधर झाली.

तेव्हा मुलांनो, पैशाची अडचणही समुपदेशकांना सांगा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. माहिती नसल्यामुळे कित्येक मुले हक्काच्या मदतीवाचून राहतात आणि दोष स्वतःच्या नशिबाला देतात.

जायचे केव्हा? प्रत्येक लहानसहान उदासीला समुपदेशक लागतोच असे नाही. घरची आठवण येणे, पहिल्या महिन्यात रडू येणे हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटून गेले तरी झोप, भूक, अभ्यास यांची घडी बसत नसेल, ज्यात पूर्वी गोडी होती त्यात गोडी वाटत नसेल, दारू किंवा इतर व्यसनाचा आधार घ्यावासा वाटत असेल, माणसे टाळावीशी वाटत असतील, तर जावे. आणि जगणे नको असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये.

जायचे कोठे? ही माहिती कृपया लिहून घ्या.

पहिले ठिकाण म्हणजे आपले महाविद्यालय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ सालीच मार्गदर्शक सूचना काढून महाविद्यालयांत समुपदेशनाची व्यवस्था असावी आणि सुमारे २५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक असावा, असे सांगितले. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुखदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी दाद मागितली होती. न्यायालयाने म्हटले, की १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवला पाहिजे. मदतीचे फोन क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळकपणे लावले पाहिजेत. तेव्हा प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्यालयात विचारा, "आपल्या कॉलेजचे समुपदेशक कोण? ते कोणत्या दिवशी बसतात?" गरज नसतानाच विचारून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारायला कोणी चढत नाही. आणि असे कोणी नाहीच असे उत्तर मिळाले, तर पाच-दहाजणांनी मिळून प्राचार्यांना नम्रपणे अर्ज द्या. ती भीक नव्हे, तो आपला अधिकार आहे.

दुसरे ठिकाण सरकारी दवाखाना. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. त्याखाली आपल्या राज्यात रुग्णालयांमधून 'मैत्री' या नावाने सल्ला केंद्रे चालवली गेली. मानसोपचारासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे.

तिसरे ठिकाण तुमच्या खिशातच आहे. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. काय बोलावे सुचत नसेल तर एवढेच म्हणा, "मला बरे वाटत नाही, मला बोलायचे आहे." पुढचे ते विचारतात. आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने हा क्रमांक आपल्या फोनमध्ये घालून ठेवावा, ही माझी विनंती आहे.

आता मुलांच्या मनातल्या शंका. "सर, ते प्राचार्यांना सांगतील का? घरी कळवतील का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा अल्पवयीन मुलावर अत्याचार होत असेल, तर समुपदेशकांना योग्य व्यक्तीस कळवावे लागते. हे त्यांनी तुम्हांला आधीच सांगायला हवे. नाही सांगितले तर तुम्ही विचारा. "पोलीस येतील का?" ही दुसरी भीती, विशेषतः पालकांची. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा मानतो आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. जुन्या दंड संहितेतील ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. म्हणून शिक्षेच्या भीतीने उपचार लांबवू नका. "मला शुद्ध मराठी बोलता येत नाही," ही तिसरी शंका. अहो, दुःखाला शुद्धलेखन नसते. ज्या भाषेत रडता त्या भाषेत बोला, समोरच्याने समजून घ्यावे. आणि एखाद्या समुपदेशकांशी मन जुळलेच नाही, किंवा त्यांनी तुमच्या जातीवरून, घरावरून टोमणा मारला, तर ती जागा सोडा, पण मदत घेणे सोडू नका. दुसऱ्याकडे जा. एक वैद्य चुकला म्हणून आपण औषध घेणे सोडत नाही.

येथे मला एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगायची आहे. प्रत्येक दुःख मनाचे आजारपण नसते. काही दुःख अन्यायाचे असते. डॉ. पायल तडवी ही आपल्या खानदेशची, जळगावची आदिवासी लेक मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जगाचा निरोप घेतला. ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ होत असल्याचे तिने घरी सांगितले होते, असे तिच्या कुटुंबीयांनी म्हटले. तिघींवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघी मातांनी २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेद रोखण्याची व्यवस्था प्रत्यक्षात यावी. स्वतःची मुले गमावलेल्या आया दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढल्या, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून लक्षात घ्या. कोणी जातीवरून हिणवले, रॅगिंग केले, आरक्षणावरून टोचून बोलले, तर त्यावर "मन घट्ट कर" हा उपाय नाही आणि केवळ समुपदेशन हाही उपाय नाही. अशा वेळी दोन्ही दारे ठोठवा. मनाला आधार देण्यासाठी समुपदेशक आणि अन्याय थांबवण्यासाठी तक्रार. महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असते, अनुसूचित जाती-जमातींचा कक्ष असतो. आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीने समान संधी कक्षाची तरतूद केली. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. काय घडले, केव्हा घडले, कोण हजर होते, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. चांगला समुपदेशक तुम्हांला अन्याय सोसायला शिकवत नाही, अन्यायाशी लढताना मोडून न पडायला शिकवतो.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. दादांनो, ताईंनो, मुलगा सुटीत घरी आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती टक्के पडले?" या खेपेस आधी विचारा, "जेवतोस का? झोप लागते का? मित्र कोण आहेत?" त्याने "मला तिकडे बरे वाटत नाही" म्हटले तर "आम्ही तुझ्यासाठी एवढे कष्ट करतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते त्याला ठाऊक असते, म्हणूनच तर तो गप्प असतो. बाहेरचे काही लागले असेल म्हणून बुवा-भगताकडे फेऱ्या घालण्यात महिने घालवू नका. मुलगी उदास आहे म्हणून तिचे शिक्षण थांबवून लग्न उरकून टाकणे, हा तर उपाय नव्हेच. आणि ज्या घरात शेती आहे त्या घरातील फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा. अविचाराची एक घटका टळली तर पुष्कळदा आयुष्य वाचते.

आणि आपल्या संस्थेला माझी एक नम्र सूचना. गुणगौरव आपण निकालाच्या दिवशी करतो. पण मुलाला आपली खरी गरज ऑक्टोबरमध्ये असते, पहिली परीक्षा बिघडलेली असते तेव्हा. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींची यादी करा. दोन-तीन शिकलेल्या कार्यकर्त्यांनी ती वाटून घ्यावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन करावा. मार्क विचारू नयेत, ख्यालीखुशाली विचारावी. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. भगवान बुद्धांनी कल्याणमित्राला फार मोठे स्थान दिले आहे. फोनवर नुसते "कसा आहेस?" असे विचारणारा दादा किंवा ताई हीच कल्याणमित्राची आजची ओळख आहे. यासाठी पैसा लागत नाही, आठवण ठेवावी लागते.

तो फलाटावर भेटलेला मुलगा आज चाळिशीच्या पुढे गेला असेल. त्याचे शिक्षण मी परत देऊ शकत नाही. पण आज येथे बसलेल्यांपैकी कोणी उद्या कोणाच्या दारात उभा राहिला, तर मुलांनो, दोनदा जाऊन परतू नका. तिसऱ्यांदा जा. आणि दारातूनच सांगा, "सर, मला बसून बोलायचे आहे." त्या वेळी खुर्चीत जो कोणी असेल, शिक्षक असो, पालक असो वा कार्यकर्ता असो, त्याने हातातले काम बाजूला ठेवावे.



जयभीम! नमो बुद्धाय!